अर्जातील प्रश्न : मुले किती, आणि त्यांची सोय काय?

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून परिचारिकांची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत अवघ्या १५ जणी होत्या. वय २५ ते ३५, चारित्र्याचा आणि प्रकृतीचा दाखला, वर्षभर शाळेच्याच निवासात मुक्काम, जेवण व गणवेश मोफत, शिवाय वर्षाकाठी १० पौंड. उमेदवार अविवाहित असावी किंवा विधवा. नवरा हयात असलेल्या स्त्रीचा विचारच त्या नियमांत नव्हता.

हाच नमुना पुढे अमेरिकेने उचलला. न्यूयॉर्क, न्यू हेवन आणि बॉस्टन येथे १८७३ मध्ये अशा शाळा निघाल्या. त्या काळातील अमेरिकी शाळांचे छापील अर्ज वाचण्याजोगे आहेत. उंची, वजन, शिक्षण हे तर विचारलेच जाई. पण त्याबरोबर असेही प्रश्न असत : विधवा असल्यास मुले आहेत काय? किती? त्यांची वये काय? त्यांच्या निर्वाहाची सोय कशी केली आहे? तुमच्यावर अवलंबून असलेले कोणी आहे काय? घरून अचानक बोलावणे येऊ नये इतक्या तुम्ही घरच्या जबाबदारीतून मोकळ्या आहात काय?

हे प्रश्न केवळ नीतीच्या चिंतेतून आले असे मानणे सोपे आहे. व्हिक्टोरियन काळाचा सोवळेपणा त्यात होताच. परंतु खरे कारण रुग्णालयाच्या हिशेबाच्या वहीत सापडते. त्या काळी शाळा ही रुग्णालयाची मनुष्यबळ पुरवणारी शाखाच होती. कक्षांतील बहुतेक सारे काम विद्यार्थिनी करीत. शिक्षण संपले की त्या खासगी घरांत रुग्णसेवेसाठी बाहेर पडत आणि त्यांच्या जागी नवी तुकडी येई. दिवसाचे बारा तास काम, त्यावर व्याख्याने, रात्रपाळी, आणि मोबदला म्हणून नाममात्र हातखर्च. एवढ्या स्वस्तात रुग्णालय चालवायचे तर कामकरी हाताशी हवा, चोवीस तास हवा. आजारी मुलासाठी घरी धावणारी विद्यार्थिनी त्या हिशेबात बसत नव्हती. वसतिगृहाचे दार रात्री बंद होत असे, त्यामागे शिस्त होती तशी हजेरीही होती.

या दारातून आत शिरणे ज्यांना सर्वांत कठीण गेले त्यांपैकी एक मेरी एलायझा महोनी. जन्म १८४५, बॉस्टन. आईवडील मूळचे नॉर्थ कॅरोलायनाचे, गुलामगिरीतून मुक्त झालेले. तरुण वयातच ती बॉस्टनच्या ‘न्यू इंग्लंड हॉस्पिटल फॉर विमेन अँड चिल्ड्रन’ या रुग्णालयात कामाला लागली. स्वयंपाक, धुणे, झाडलोट, आणि प्रसंगी परिचारिकांच्या हाताखालची मदत. सुमारे १५ वर्षे हेच काम चालले. मारी झाक्रझेव्स्का या स्त्री डॉक्टरने स्थापन केलेल्या या रुग्णालयाची शाळा १८७२ मध्ये सुरू झाली तेव्हा महोनी तेथे नोकरीतच होती. त्याच इमारतीतील शाळेत विद्यार्थिनी म्हणून तिचा प्रवेश मात्र १८७८ साली, वयाच्या ३३ व्या वर्षी झाला.

अभ्यासक्रम १६ महिन्यांचा होता. काही काळ औषधोपचाराच्या कक्षात, काही शस्त्रक्रियेच्या, काही प्रसूतीच्या, आणि शेवटी लोकांच्या घरी जाऊन शुश्रूषा. तिच्याबरोबर प्रवेश घेतलेल्या सुमारे ४० जणींपैकी शेवटपर्यंत टिकल्या त्या तीन-चारच. ऑगस्ट १८७९ मध्ये महोनी उत्तीर्ण झाली आणि अमेरिकेतील पहिली प्रशिक्षित कृष्णवर्णीय परिचारिका ठरली. त्या पंधरा वर्षांच्या धुण्याभांड्यांचा अंगमेहनतीच्या सवयीखेरीज तिला काय उपयोग झाला असेल, हा प्रश्न चरित्रकार सहसा विचारत नाहीत. वास्तविक रुग्णालयाचे तास कसे असतात हे ठाऊक असलेली बहुधा तीच एक होती.

नियम केवळ विद्यार्थिनींपुरता नव्हता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील शाळेच्या पहिल्या प्रमुख इझाबेल हॅम्प्टन यांनी १८९४ मध्ये लंडनमध्ये विवाह केला. वधूच्या हातातील पुष्पगुच्छ खुद्द नाइटिंगेल यांनी पाठविला होता. विवाहानंतर हॅम्प्टन यांना आपले पद सोडावे लागले.

या नियमावलीत विधवेला मात्र पहिल्यापासून जागा होती. लंडनमध्ये ती सवलत होती. पुण्यात पोहोचेपर्यंत तिचा अर्थ पार बदलला.

मुंबईत १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांच्या प्रयत्नांतून सेवासदन उभे राहिले. दुसऱ्याच वर्षी रमाबाई रानडे आणि भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले. त्या वेळी रुग्णालयांतील परिचारिका बहुतांशी युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा देशी ख्रिस्ती असत. उच्चवर्णीय हिंदू घरांत या कामाकडे पाहण्याची दृष्टी कमालीची तुच्छतेची होती. परपुरुषाचा स्पर्श, मलमूत्र, कोणाच्याही हातचे अन्न : आक्षेपांची यादी मोठी होती. ससून रुग्णालयात शिकायला कोण पाठवणार?

पाठवण्याजोगी एकच स्त्री समाजाने ‘मोकळी’ करून ठेवली होती. केशवपन केलेली, आलवण नेसलेली, दिवसभर घरातील राबणूक उपसणारी बालविधवा. संसार नाही म्हणून ती नियमात बसत होती. घरकामाला फुकटचे माणूस म्हणून घरातून सुटत मात्र नव्हती. तिला अक्षरओळखही नसे. म्हणजे परिचारिकेच्या वर्गाआधी प्राथमिक शाळा हवी, आणि ती घरचे काम सांभाळून जमणाऱ्या वेळी हवी.

सेवासदनाचे कौतुक करताना लोक व्याख्याने आणि समारंभ आठवतात. खरी बुद्धिमत्ता वेळापत्रकात होती. प्रौढ स्त्रियांचे वर्ग दुपारी भरत. सकाळचा स्वयंपाक आटोपलेला, संध्याकाळचा अजून लांब, त्या मधल्या तासांत. रमाबाईंना या तासांची किंमत पुस्तकातून कळलेली नव्हती. त्या ११ व्या वर्षी, १८७३ मध्ये, न्यायमूर्ती रानडे यांच्या घरी आल्या आणि घरच्या बायकांचे टोमणे झेलीत, कामे उरकून लिहायला-वाचायला शिकल्या. जिने हे स्वतः केले तिलाच शाळेची घंटा केव्हा वाजावी हे सांगता येते. पुढच्या टप्प्यासाठी ससूनमध्ये शिकणाऱ्या स्त्रियांचे वसतिगृह चालविले गेले. राहण्याजेवण्याची सोय आपल्या माणसांच्या देखरेखीखाली आहे, एवढ्यावर कित्येक घरांचा विरोध मवाळ होई.

तरीही उपहास चुकला नाही. सेवासदनाच्या एका बक्षीस समारंभातील प्रसंग प्रसिद्ध आहे. आलवणातील एक विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली तेव्हा श्रोत्यांतील विद्यार्थ्यांनी टाळ्या पिटून तिची खिल्ली उडविली. एरवी मृदुभाषी असलेल्या रमाबाईंनी त्या विद्यार्थ्यांना तेथेच फैलावर घेतले. तुमच्यापैकी कोणाच्या घरी विधवा बहीण वा आप्त नाही काय, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. सभागृह गप्प झाले.

विवाहित स्त्रीला दार उघडले ते दयेने नव्हे, टंचाईने. दुसऱ्या महायुद्धात परिचारिका अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा १९४३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने फ्रान्सिस बोल्टन यांच्या विधेयकाद्वारे ‘कॅडेट नर्स कोअर’ उभारले. शुल्क माफ, गणवेश मोफत, दरमहा विद्यावेतन. वंशभेदाला कायद्यानेच मनाई. पावणेदोन लाखांहून अधिक तरुणी दाखल झाल्या. विवाहितेला घ्यायचे की नाही, हे मात्र त्या त्या शाळेवर सोडलेले होते.

शेवटचा अडसर वसतिगृहाचा होता आणि तो काढण्याची कल्पना मिल्ड्रेड माँटॅग या प्राध्यापिकेची. कोलंबिया विद्यापीठातील आपल्या १९५१ च्या प्रबंधात तिने सुचविले की परिचारिकांचे शिक्षण रुग्णालयाकडून काढून दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयांकडे द्यावे. रुग्णालयात विद्यार्थिनीने जायचे ते शिकण्यासाठी, पाळी भरून काढण्यासाठी नाही. प्रयोग १९५२ मध्ये सुरू झाला. या महाविद्यालयांतून नेहमीच्या शाळांत न दिसणारे चेहरे आले : वयाने मोठ्या स्त्रिया, विवाहिता, मुलेबाळे असलेल्या आया, काही पुरुषही. वर्ग सुटला की त्या आपापल्या घरी जात.