पेपा आणि तिच्या यादीत न बसलेली माणसं

कादिझला जायचं तर समुद्रात शिरल्यासारखंच जावं लागतं. सेव्हियाहून निघालेली गाडी शेवटच्या टप्प्यात खाजणं आणि मिठागरं मागे टाकते आणि एका चिंचोळ्या पट्टीवरून शहराकडे सरकते. शहर फिनिशियनांनी वसवलेलं, पश्चिम युरोपातल्या सर्वांत जुन्या शहरांपैकी एक. पण मी तिथे गेलो ते तीन हजार वर्षांसाठी नव्हे. मला हवी होती १८१० पासूनची चार-पाच वर्षं. एका दिवसात त्याहून जास्त पचतही नाही.

सुरुवात तोर्रे ताविरापासून केली. हा टेहळणीचा मनोरा १७७८ साली बंदराचा अधिकृत मनोरा ठरला. वर चढलं की सपाट गच्च्यांच्या गर्दीत असे शंभराहून अधिक मनोरे डोकावताना दिसतात. १७१७ साली अमेरिकेशी होणाऱ्या व्यापाराचं प्रशासन सेव्हियाहून इथे आलं. मग आपलं जहाज क्षितिजावर दिसतंय का, हे पाहण्यासाठी एकेका व्यापाऱ्यानं घरावर मनोरा चढवला. चांदी, कोको, साखर. आणि माणसंही. अटलांटिकच्या त्या व्यापारात गुलाम हासुद्धा एक माल होता. वरून दिसणारं ते पांढरं, प्रसन्न शहर पाहताना हे आठवणीनं मनात ठेवावं लागतं; शहर स्वतः आठवण करून देत नाही.

१८०८ मध्ये नेपोलियननं स्पेनच्या राजाला फ्रान्समध्ये अडकवलं आणि आपल्या भावाला, जोसेफला, गादीवर बसवलं. १८१०च्या फेब्रुवारीत फ्रेंच फौजा खाडीच्या पलीकडच्या काठापर्यंत येऊन ठेपल्या. तिथून शहर डोळ्यांना दिसत होतं, पण हाती लागत नव्हतं. समुद्र ब्रिटिश आरमाराच्या ताब्यात असल्यानं रसद येत राहिली. पल्ला वाढावा म्हणून फ्रेंचांनी तोफगोळ्यांत शिसं भरलं. त्यामुळे गोळे लांब पडले, पण बरेचसे फुटलेच नाहीत. कादिझच्या बायका त्या शिशानं केस कुरळे करतात, असं गाणं गावात झालं. वेढा अडीच वर्षं चालला. या गावाच्या चेष्टेखोर स्वभावाबद्दल बरंच ऐकलं होतं. मला तो या गाण्यातच पुरता सापडला.

या वेढ्यातच स्पेनची पहिली राज्यघटना लिहिली गेली. कोर्तेस, म्हणजे प्रतिनिधी सभा, आधी शेजारच्या इस्ला दे लिऑनमधल्या नाट्यगृहात भरली आणि फेब्रुवारी १८११ पासून सान फेलिपे नेरीच्या प्रार्थनागृहात. ही लंबवर्तुळाकार वास्तू आहे. वेदीवर मुरिल्योनं रंगवलेली मेरी आणि तिच्यासमोर, सार्वभौमत्व राजाचं नसून राष्ट्राचं आहे, हे ठरवणारे प्रतिनिधी. बाहेरच्या भिंतीवर शताब्दीच्या वेळी बसवलेले संगमरवरी फलक इतके दाट आहेत की भिंत दिसतच नाही. त्यातले कितीतरी अमेरिकेतल्या देशांनी पाठवलेले.

३८४ कलमांची ही घटना १९ मार्च १८१२ रोजी जाहीर झाली. तो सेंट जोसेफचा सण. होसेचं लाडकं नाव पेपे, म्हणून घटना झाली ‘ला पेपा’. छळ बंद, छपाईचं स्वातंत्र्य, गावोगावी प्राथमिक शाळा. पहिलंच कलम सांगतं की दोन्ही गोलार्धांतले सगळे स्पॅनिश मिळून राष्ट्र होतं. मात्र धर्म एकच, कॅथलिक. इतर सगळ्यांना बंदी.

मी मात्र प्रार्थनागृहात बसून विचार करत होतो तो बाविसाव्या कलमाचा. वंशाची कुठलीही शाखा आफ्रिकेत पोहोचते असा माणूस, जन्मानं स्वतंत्र असला तरी, नागरिक नाही. त्याला नागरिकत्व मिळू शकेल, पण ‘सद्गुण आणि गुणवत्ते’च्या दारातून: देशाची विशेष सेवा केलेली हवी, आईबाप विवाहित आणि स्वतंत्र हवेत, बायकोही जन्मानं स्वतंत्र हवी, आणि स्वतःच्या भांडवलावरचा धंदा हवा. अमेरिकेतले मूळ रहिवासी मात्र नागरिक ठरले. मग हाच अपवाद का? उत्तर बरंचसं अंकगणितात आहे. सत्तर हजार लोकांमागे एक प्रतिनिधी, असं ठरलं होतं. आफ्रिकी रक्ताच्या सगळ्यांना मोजलं असतं तर अमेरिकेच्या जागा स्पेनच्या जागांवर मात करण्याची भीती होती. म्हणून मोजणीच नागरिकांपुरती ठेवली आणि त्यांना नागरिकांतून वगळलं. गुलामांचा तर प्रश्नच नव्हता. १८११ मध्ये मेक्सिकोहून आलेले गुरिदी ई अल्कोसेर यांनी गुलामगिरी हळूहळू संपवण्याचा प्रस्ताव आणला आणि अर्ग्वेयेस यांनी गुलामांच्या व्यापारावर बंदीचा. क्युबाच्या मळेवाल्यांनी आरडाओरडा केला आणि दोन्ही बासनात गेले. जनगणना, मतदारसंघ आणि जागांचं वाटप यांवरून भांडणाऱ्या देशातून आलेल्या माणसाला हे कलम जुनं वाटत नाही.

दुपारी प्लाझा दे एस्पान्यामध्ये गेलो. तिथल्या भव्य स्मारकाच्या मध्यभागी एक रिकामी खुर्ची आहे. राजा १८१४ मध्ये परतला आणि त्यानं घटना रद्द केली. १८२० साली लष्करातल्या रिएगोच्या उठावानं ती पुन्हा आली. त्याच मार्चमध्ये, घटनेचा आनंद साजरा करायला जमलेल्या कादिझकरांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. १८२३ मध्ये पुन्हा फ्रेंच फौजा आल्या, या वेळी राजाच्या बाजूनं. खाडीपलीकडचा त्रोकादेरो पडला आणि महिन्याभरात सगळं संपलं. रिएगोला माद्रिदमध्ये फाशी झाली.

त्या तीन वर्षांत पेपा बरीच फिरली. तिची एक आवृत्ती राममोहन रॉय यांना अर्पण केलेली आहे. पोर्तुगालनं १८२२ची आपली घटना तिच्याच धर्तीवर लिहिली आणि त्या वाटेनं ती गोव्यात पोहोचली. लिस्बनच्या संसदेसाठी गोव्यात निवडणूक झाली, तिघे निवडून आले. त्यांत बेर्नार्दो पेरेस दा सिल्वा आणि कॉन्स्तांसियो रोके दा कोस्टा हे दोघे गोवेकर. ते जहाजानं लिस्बन गाठेपर्यंत तिथली संसद बरखास्त झाली होती. पेरेस दा सिल्वा पुढे १८३५ साली गोव्याचे प्रीफेक्ट, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, म्हणून परतले. जानेवारीत शपथ घेतली आणि सतरा दिवसांत लष्करानं त्यांना हुसकावलं. ते मुंबईला निघून आले.