हचचा कुत्रा आणि परभणीचा मे महिना

मंडळी, या वीकेंडचा विषय पग. म्हणजे आपल्याकडे बरेच लोक अजूनही ज्याला 'हचचा कुत्रा' म्हणतात तो. २००३ साली ती जाहिरात आली. मुलगा जाईल तिथे मागे मागे कुत्रा, तसं तुम्ही जाल तिथे आमचं नेटवर्क! २००७ मध्ये हचचं व्होडाफोन झालं, तरी कुत्रा तोच राहिला, आणि शहराशहरांत पगला मागणी वाढली.

आत्ता हे आठवायचं कारण म्हणजे माझा एक मित्र. नोकरी पुण्यात, आई-बाबा परभणीला दोघंच. त्यांना सोबत म्हणून पगचं पिल्लू नेऊन द्यायचं त्याच्या मनात आहे. हेतू चांगलाच आहे, पण त्याआधी त्या नाकाचा इतिहास बघायला हवा.

पग मूळचा चीनचा. तिथल्या राजघराण्यांत लाडाने पाळला जायचा. शिकार नाही, राखण नाही, माणसाजवळ बसणं एवढंच काम. डच व्यापाऱ्यांबरोबर तो युरोपात पोचला आणि हॉलंडच्या ऑरेंज घराण्याचा लाडका झाला. १६८९ मध्ये विल्यम आणि मेरी इंग्लंडच्या गादीवर बसले, तेव्हा पगही दरबारात आले.

आता गंमत बघा. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ मध्ये स्वतःचं चित्र काढलं, त्यात त्याचा पग आहे. त्या पगचं तोंड चांगलं पुढे आलेलं आहे! आजच्यासारखा चपटा चेहरा नंतरचा. १८८३ साली इंग्लंडमध्ये पगचा क्लब निघाला, डॉग शो वाढले, आणि माणसाला गोड वाटतो म्हणून चेहरा आणखी आखूड होत गेला. हाडं आखूड झाली, पण आतला टाळूचा मऊ भाग त्या मानाने कमी झाला नाही. म्हणून पग घोरतो. ते गोंडस वाटतं, पण खरं तर तो श्वासासाठी झगडत असतो.

आता परभणी. आपण 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणतो खरं, पण मे महिन्यात पारा ४२-४४ ला जातो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. धापा टाकून, जीभ आणि नाकातला ओलावा उडवूनच तो अंग थंड करतो. पगकडे नेमकी तीच सोय तोकडी. त्यातून लाइट गेली, कूलर बंद पडला, की संपलंच.

स्वभावाने मात्र हे कुत्रं म्हाताऱ्या माणसांना खरंच छान. भांडखोर नाही, पोरांत रमतं, सारखं पायाशी घुटमळतं. फक्त खादाड फार. वजन ६ ते ८ किलोच असावं. चपातीचा तुकडा मागून मागून ते कधी वाढतं कळत नाही, आणि लठ्ठ पगला श्वास आणखी जड जातो.

ज्यांच्या घरी पग आहेच, त्यांनी एवढं करा. उन्हाळ्यात फिरवणं पहाटे किंवा रात्री. गळ्याला पट्टा नको, छातीचा हार्नेस. तोंडावरच्या घड्या रोज पुसून कोरड्या करा. डोळे बाहेर आलेले असतात, लाल दिसले तर थांबू नका. धाप थांबत नसेल, जीभ निळसर झाली, तर साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि लगेच डॉक्टर गाठा. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही मोठी सोय.

ज्या हॉलंडने पगला मोठं केलं, त्याच देशाने आता फार आखूड नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर बंदी घातली आहे. यातून काय घ्यायचं ते घ्या.

मित्राला मी म्हटलं, सोबतच हवी ना? मग गल्लीतलंच एखादं गावठी पिल्लू लसी देऊन घरात घे. लांब नाकाचं, इथल्या उन्हात वाढलेलं. आई-बाबांना लळा तेवढाच लागेल, आणि दर मे महिन्यात तुला पुण्यात बसून धास्ती नको. तो अजून विचार करतोय. तुम्हीही करा.