आयव्हीएफचं इंजेक्शन घरीच घ्यायचं, पण ते पेन वापरायला सोपं आहे हे कोण तपासतं?

आयव्हीएफ उपचारात एकाऐवजी अनेक स्त्रीबीजं तयार व्हावीत म्हणून साधारण ८ ते १४ दिवस रोज हार्मोनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. अनेक जणी ते घरीच, पोटाच्या त्वचेखाली, स्वतःच्या हाताने घेतात. त्यासाठी इन्सुलिनच्या पेनासारखं पेन मिळतं. पण कधीच सुई हातात न धरलेल्या व्यक्तीला ते जमेल का? हे पाहण्यासाठी युजेबिलिटी टेस्टिंग, म्हणजे वापरसुलभतेची चाचणी होते.

चाचणीत काय होतं?

सहभागी व्यक्तीला पेन, सुया आणि माहितीपत्रक देतात आणि घरी कराल तसंच करा, असं सांगतात. इंजेक्शन मात्र शरीरात नाही, तर त्वचेसारख्या मऊ पॅडमध्ये द्यायचं असतं. निरीक्षक मदत करत नाहीत. हात कुठे अडखळला, कोणती पायरी सुटली, चूक होता होता कुठे टळली, याची नोंद ठेवतात आणि शेवटी त्यामागचं कारण विचारतात. अमेरिकेच्या एफडीएच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, अंतिम चाचणीत प्रत्येक वापरकर्ता गटातले किमान १५ जण हवेत.

चूक नेमकी कुठे होऊ शकते?

डोसच्या आकड्यात. गोनल-एफसारख्या पेनात औषध संपत आलं असेल, तर बटण दाबल्यावर खिडकीत ० येत नाही. समजा, १५० युनिट लावले आणि ५० वर आकडा थांबला. याचा अर्थ १०० युनिट शरीरात गेले, उरलेले ५० नव्या पेनातून घ्यायचे. पण घाईत '५० घेतले' असाही अर्थ लावला जाऊ शकतो. दुसरी चूक म्हणजे सुई लवकर बाहेर काढणं. त्यामुळे थोडं औषध बाहेरच राहू शकतं.

याला एवढं महत्त्व का?

डोस सोनोग्राफी आणि रक्ततपासणी पाहून ठरतो. कमी पडला तर स्त्रीबीजांची वाढ अपुरी होऊ शकते. जास्त झाला तर अंडाशयांना सूज येऊन पोटात पाणी साठण्याचा धोका वाढतो. शेवटचं 'ट्रिगर' इंजेक्शन तर स्त्रीबीजं काढण्याच्या साधारण ३४ ते ३६ तास आधी, ठरलेल्या वेळीच घ्यावं लागतं. ते चुकलं तर पूर्ण सायकल वाया जाऊ शकते.

मग चूक कोणाची?

या चाचणीत परीक्षा पेनाची असते, बाईची नाही. अनेक जण एकाच पायरीवर चुकले, तर 'त्यांनी नीट वाचलं नाही' म्हणून विषय संपवता येत नाही. कारण शोधून आकडे मोठे करणं, 'क्लिक' आवाज देणं किंवा माहितीपत्रकातलं चित्र बदलणं, असे उपाय करून पुन्हा तपासावं लागतं.

तरीही घरी गोंधळ झालाच, तर मनाने दुसरा डोस घेऊ नये. पेन तसंच ठेवून, खिडकीतला आकडा क्लिनिकला फोन करून सांगावा.