स्केटिंग, नैसर्गिक बर्फावरील

गोठलेल्या जलाशयावर किंवा पाणी शिंपडून उघड्यावर गोठविलेल्या मैदानावर, पाती बसविलेल्या बुटांच्या साहाय्याने घसरत जाण्याचा हिवाळी क्रीडाप्रकार. या क्रीडेचा इतिहास हा पुष्कळ अंशी थंडीचाच इतिहास आहे. टाकवे बुद्रुक हे गाव पुणे जिल्ह्याच्या ज्या आंदर मावळात आहे, तेथे ठोकरवाडी धरणाचा (१९२२) विस्तीर्ण जलाशय आहे. परंतु तेथील हिवाळ्यात पाणी गोठत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात, तलाव मात्र वाहताच राहतो. त्यामुळे महाराष्ट्रात ही क्रीडा लोकजीवनात रुजू शकली नाही.

उत्तर यूरोपात प्राचीन काळी घोड्यांची व गुरांची हाडे पायांना बांधून व काठीने रेटा देत लोक बर्फावरून जात. लंडनमधील तरुणांच्या अशा खेळाचे वर्णन विल्यम फिट्झस्टीफन याने बाराव्या शतकात केले आहे. पुढे नेदर्लंड्समध्ये धारदार लोखंडी पाती प्रचारात आली. पात्याची कड बर्फात रुतत असल्याने पायानेच रेटा देणे शक्य झाले व काठीची गरज उरली नाही. हिवाळ्यात गोठलेले कालवे हेच तेथील रस्ते बनत. हेंड्रिक आव्हरकाम्प (१५८५–१६३४) याच्या चित्रांत श्रीमंत-गरीब, स्त्री-पुरुष असे सर्वच बर्फावर एकत्र दिसतात. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाची स्थापनाही नेदर्लंड्समध्येच, स्खेव्हेनिंगेन येथे १८९२ मध्ये झाली.

नेदर्लंड्सच्या फ्रीसलंड प्रांतात ‘अकरा नगरांची फेरी’ ही सु. २०० किमी. अंतराची शर्यत १९०९ पासून भरू लागली. संपूर्ण मार्गावर सु. १५ सेंमी. जाडीचा बर्फ असल्याखेरीज ती होत नाही. १९६३ च्या शर्यतीत हिमवादळामुळे सु. १०,००० स्पर्धकांपैकी सु. एक टक्काच शेवटपर्यंत पोहोचले. आतापर्यंत ती केवळ पंधरा वेळा झाली असून शेवटची १९९७ मध्ये झाली. कॅनडातील ऑटावा येथे रीडो कालव्यावरील ७·८ किमी. लांबीचा स्केटिंगमार्ग १९७०-७१ च्या हिवाळ्यात सुरू झाला. तेथे लोक कामावरही स्केटिंग करीत जात. २०२२-२३ च्या हिवाळ्यात पुरेसा बर्फ न जमल्याने तो प्रथमच एकही दिवस उघडता आला नाही.

भारतात सिमला येथील लक्कड बाजारातील स्केटिंग मैदान १९२० पासून चालत आले आहे. तेथे रात्री पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवितात आणि सकाळी व सायंकाळी स्केटिंग चालते. यासाठी निरभ्र आकाश लागते. ढग आले की जमिनीची उष्णता रात्री आकाशात निघून जात नाही व बर्फ कच्चा राहतो. लेह येथे गोठलेल्या तळ्यांवर लहान मुलेही स्केटिंग करतात. तेथे २०२४ मध्ये झालेल्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी क्रीडास्पर्धांत महाराष्ट्राच्या स्केटिंगपटूंनीही पदके मिळविली. बर्फ नसलेल्या प्रदेशांतील असे खेळाडू बहुधा चाकांच्या स्केटवर तयार होतात.

कृत्रिम बर्फाच्या बंदिस्त मैदानांमुळे स्पर्धात्मक स्केटिंग ऋतूंच्या बंधनातून मुक्त झाले आहे. तथापि गावानजीकच्या तळ्यावर सर्वांना विनामूल्य लाभणारा हा हिवाळी विरंगुळा तापमानवाढीमुळे अनेक ठिकाणी दुर्मिळ होत चालला आहे.