तक्तपोशीची जकात

सांगलीत माझ्या भाच्याचे टाइल्सचे दुकान आहे. काही वर्षांपूर्वी त्याने लाकडी फ्लोअरिंगचा एक कंटेनर परदेशातून मागवला आणि तो बंदरात अडकला. रोज भाडे चढत होते. दुकान गहाण टाकून घेतलेले कर्ज त्या कंटेनरात अडकले होते. माल चांगला होता, पैसेही भरलेले होते. वाद होता तो नावाचा. वर ओकचा पातळ थर, खाली प्लायवूडचे थर, एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला तिच्यात बसणारी जीभ. याला म्हणायचे काय? भाच्याच्या कागदावर होते ४४०९, म्हणजे कडा घडवलेली फळी. अधिकाऱ्याच्या मते ते ४४१२, म्हणजे प्लायवूड. आणि एजंट खासगीत म्हणे, मुळात हे ४४१८, म्हणजे जोडून तयार केलेले फरशीचे पॅनेल.

“मामा, तुम्ही इतिहासवाले. एका फळीला इतकी नावे कुणी ठेवली?” असे त्याने फोनवर विचारले. त्याला धड उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

हे आकडे नवे आहेत. मालाला जगभर एकच नाव असावे यासाठीचा ब्रुसेल्सचा करार १९८३ चा. तो १९८८ च्या जानेवारीत अमलात आला. भारताने आपला १९७५ चा सीमाशुल्क दर कायदा १९८६ मध्येच त्या साच्यात बसवला. त्यातले चव्वेचाळिसावे प्रकरण लाकडाचे. त्यात सरपणापासून सुरुवात होते, मग ओंडका, मग कापलेली फळी, मग घडवलेली फळी, प्लायवूड आणि शेवटी सुतारकाम. लाकडावर माणसाचा हात जितका फिरेल तितके ते पुढच्या ओळीत सरकते. ओंडक्यावर कर कमी आणि कापलेल्या लाकडावर जास्त, म्हणजे करवतीचे काम इकडच्या गिरणीला मिळावे.

आकडे नवे असले तरी त्यांमागची बुद्धी जुनी आहे. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला मिठाबद्दल लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडते, त्यामुळे संगमेश्वरच्या मिठाला गिऱ्हाईक राहणार नाही. तेव्हा बारदेशच्या मिठावर जकात इतकी बसवा की ते महाग पडावे, असा त्याचा आशय. मीठ तेच, वेगळा फक्त मुलूख, आणि जकात बसली ती त्यावर.

लाकडाविषयी तर रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त स्वतंत्र मजकूर आहे. हा ग्रंथ १७१५ च्या सुमाराचा. आरमाराला लागणारे सागवान हुजूरच्या परवानगीने तोडावे, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. आयातीचे धोरण इतक्या मायेने सांगितलेले मी दुसरीकडे वाचलेले नाही.

पेशवाईत जकातीच्या कागदांत थळभरीत आणि थळमोड हे शब्द भेटतात. माल जिथे भरला तिथली जकात ती थळभरीत, जिथे विकला तिथली ती थळमोड. मोजमाप बहुधा बैलाच्या ओझ्यावर. (तुळई गोणीत बसत नाही, हा प्रश्न तेव्हाच्या कमावीसदारांनाही पडला असेल.) १८३८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातली वाटेवरची जकात उठली, सातारा तेव्हा संस्थान होते, त्याचे चौकीपहारे वेगळे.

आमच्याकडच्या वाड्यांची तक्तपोशी पाहायला गेलो की जुने लोक लाकडाच्या जातीवरून घराण्याची ऐपत सांगतात. सीपी साग, बलसाडी साग आणि सगळ्यांच्या वर बर्मा साग. हा ब्रह्मदेशी साग भारतात आला तो इंग्रजांच्या मागून. १८२६ च्या तहाने तेनासेरीम त्यांच्या हाती आले आणि मौलमीनच्या बंदरातून सागाची निर्यात वाढली. पुणे-मिरज रेल्वे झाल्यावर सातारा रोड, कराड, मिरज या स्टेशनांवर ते लाकूड उतरवणे सोपे झाले.

१८८५ चे ब्रह्मदेशाचे युद्धही ओंडक्यांच्या मोजणीवरून पेटले. मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने जितके ओंडके तोडले तितक्यांचे पैसे भरले नाहीत, असे म्हणत मंडालेच्या दरबाराने कंपनीला सुमारे तेवीस लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त हवेच होते. फ्रेंचांची धास्ती हे खरे कारण, पण कागदावरचे भांडण ओंडके किती आणि कुठल्या हिशेबाचे, एवढेच. थिबा राजा कैद होऊन शेवटी रत्नागिरीत आला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. त्याच्या राजवाड्यातही सागवान आहे. ज्या झाडापायी राज्य गेले, त्याच्याच फळ्यांवरून तो उरलेले दिवस चालला.

पुढे १ एप्रिल १९३७ ला ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा झाला. आदल्या दिवशीपर्यंत देशी असलेला बर्मा साग एका रात्रीत परमुलखाचा ठरला. झाड तेच, नदी तीच, वखारवालाही तोच. २०१४ च्या एप्रिलपासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यातच बंद केली, आणि आपल्या गिरण्यांना आफ्रिका व दक्षिण अमेरिकेच्या सागाकडे वळावे लागले.

भाच्याचा कंटेनर अखेर जादा रक्कम आणि दंड भरून सुटला. अपील करायला पैसे उरले नव्हते. त्यातली पंधरा खोकी त्याने वाईला आमच्या आजोळच्या माडीसाठी पाठवली. मामेभावाला जुनी तक्तपोशी काढायची होती. सुताराने पहिली फळी उचकटली तेव्हा मी तिथे होतो. अडीच बोटे जाड, खालच्या बाजूला अजून तेलकट, आणि कडेला हाताने तासलेली खाच. भंगारवाला म्हणाला, “किलोवर घेतो, जळाऊ म्हणून.”

सुताराने फळीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “बर्मा आहे हो. हे जळाऊत कसं देता?”

मामेभाऊ माझ्याकडे पाहू लागला. मी सुताराला उरलेल्या फळ्यांचे खिळे हलक्या हाताने काढायला सांगितले.