न दुखणारी जखम : त्वचेचा कर्करोग आणि मज्जातंतूंची वाट

दुखणे सुरू झाले की मनुष्य वैद्याकडे जातो आणि दुखेनासे झाले की निर्धास्त होतो. पुष्कळ रोगांच्या बाबतीत हा व्यवहार चुकीचा नाही. परंतु त्वचेच्या कर्करोगात त्याला एक मोठा अपवाद करावा लागतो. तेथे वेदना नसणे म्हणजे रोग नसणे असे समजता येत नाही. उलट चेहऱ्याचा एखादा भाग बधिर होणे हीच कधीकधी रोग खोल गेल्याची खूण असते. तो कोणत्या वाटेने खोल जातो, ती वाट वैद्यकाला कशी सापडली आणि शस्त्रवैद्याने तिच्यावर काय इलाज योजला, हा इतिहास आपण थोडक्यात पाहू. महाराष्ट्राचा त्यात बराच वाटा आहे.

त्वचेवरचा कर्करोग कापून काढावा, ही कल्पना जुनी आहे. अडचण असे ती कापल्यावर उरणाऱ्या पोकळीची. नाकावरचा व्रण पुरता काढावयाचा तर नाकच जावयाचे. मग शस्त्रवैद्याचा हात आखडता राहणार आणि रोगीही तयार होणार नाही. या अडचणीवरचा एक जुना उपाय पुण्याजवळ जिवंत होता. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या लष्करात बैल हाकणारा कावसजी हा टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक बसविले. आधी मेणाचा नमुना करून माप घेतले, भुवयांमधला कातडीचा दुवा रक्तपुरवठ्यासाठी तसाच राखला आणि जोड पक्का करण्यासाठी पाण्यात भिजविलेला कात वापरला. सुमारे पंचविसाव्या दिवशी तो दुवा तोडला. ही हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली. आजही कर्करोगामुळे नाकाचा भाग काढावा लागला तर कपाळाची कातडी वळवून तो पुन्हा घडवितात. त्या कारागिराचे नाव मात्र त्या हकीकतीत कोणी लिहून ठेवले नाही.

पोकळी भरता आली तरी कापावे कोठवर, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर सूक्ष्मदर्शक यंत्राखाली मिळावयाचे होते. मुंबईस परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी आपल्या लोकांचे रोग आपल्या लोकांच्या राहणीत शोधले. १९४५ मध्ये त्यांनी व डॉ. सूर्याबाई यांनी सवयींशी जडलेल्या कर्करोगाच्या तीन नव्या प्रकारांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतला एक धोतराचा कर्करोग. कमरेशी वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळलेल्या धोतराने कातडी घासते, तिचा रंग जातो, ती जाड होते आणि क्वचित पुढे तेथे कर्करोग होतो. भाजल्याच्या जुन्या व्रणात किंवा वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेतही असेच घडते. गोऱ्या लोकांत ऊन हे या रोगाचे मोठे कारण; आपल्याकडे जुने व्रण आणि चिघळत्या जखमा यांच्याकडे अधिक लक्ष पुरवावे लागते.

याच खानोलकरांनी कुष्ठरोगाच्या आरंभीच्या चट्ट्यांचाही सूक्ष्म अभ्यास केला आणि त्वचेतील मज्जातंतूंकडे लक्ष वेधले. कुष्ठरोग आणि कर्करोग हे सर्वस्वी भिन्न रोग. पण त्वचेचा रोग केवळ त्वचेत पाहू नये, तिच्यातील मज्जातंतूंतही पाहावा, हा धडा दोन्हींना लागू आहे.

कर्करोग मज्जातंतूच्या कडेने पसरतो, हे युरोपात एकोणिसाव्या शतकातच दिसले होते. फ्रान्समध्ये क्रुव्हेये यांनी १८३५ च्या सुमारास आणि जर्मनीत नॉयमान यांनी १८६२ मध्ये तसे नोंदविले. नॉयमान यांचा रोगी खालच्या ओठाच्या कर्करोगाचा होता. मज्जातंतूभोवती रसवाहिन्या असाव्यात व त्यांतून रोग वाहत जात असावा, असा समज पुढे बरीच वर्षे टिकला. १९६६ मध्ये लार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रसवाहिन्या तेथे नसल्याचे दाखविले. रोगाच्या पेशी मज्जातंतूच्या वेष्टनालगतच्या वाटेने स्वतःच सरकत जातात. शेतकऱ्याला हे हराळीवरून चटकन कळेल. वरचे गवत खुरपले म्हणजे शेत स्वच्छ दिसते, पण बांधाकडे गेलेली मुळी जमिनीखाली जिवंत असते.

चेहऱ्यावरच्या रोगाला ही वाट विशेष सोपी पडते, कारण तेथील मज्जातंतू कवटीच्या छिद्रांतून थेट मेंदूकडे जातात. एक तंतू चेहऱ्याला संवेदना देतो, दुसरा चेहरा हलवितो. पहिल्यात रोग शिरला की बधिरपणा, आग किंवा मुंग्या. दुसऱ्यात शिरला की तोंड वाकडे होणे, पापणी न मिटणे. आपण ‘मुंग्या आल्या’ म्हणतो. पाश्चात्य वैद्यकातील नावही लॅटिनमधल्या ‘मुंगी’ या शब्दावरूनच आले आहे. अशा रोग्यांची संख्या फार नाही. त्वचेच्या स्क्वॅमस पेशींच्या कर्करोगात शंभरांत साधारण अडीच ते चौदा जणांत मज्जातंतू बाधित आढळतात. पण त्यांतल्या अनेकांना कसलाच त्रास जाणवत नाही आणि व्रण काढल्यावर रोग उलटण्याची भीती त्यांनाच अधिक असते.

म्हणून शस्त्रक्रियेची रीत बदलावी लागली. अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे फ्रेडरिक मोह्स यांनी १९३० नंतरच्या दशकात एक पद्धत बसविली व १९४१ मध्ये ती प्रसिद्ध केली. रोग थराथराने काढावयाचा, प्रत्येक थराचा नकाशा करावयाचा, त्याची खालची बाजू व कड सूक्ष्मदर्शकाखाली तपासावयाची आणि जेथे रोग उरला असेल तेथेच पुन्हा कापावयाचे. मज्जातंतूभोवती पेशी दिसल्या तर त्याच्या मागाने जावयाचे. मोठा तंतू बाधला असल्यास एम.आर.आय.ने वाट तपासतात, शक्य तेथवर तंतू काढतात आणि बहुधा नंतर किरणोपचार देतात. रोगाच्या प्रचलित वर्गीकरणात, डोके व मानेच्या या कर्करोगात, एक दशांश मिलिमीटर किंवा अधिक जाडीचा तंतू बाधित असला तरी रोग वरच्या टप्प्यात धरतात.

१९४१ साली सेलू निजामाच्या राज्यात होते आणि परळचे रुग्णालय येथून मनमाडमार्गे दूर होते. आज छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. अंतर कमी झाले. पण घराच्या उंबरठ्यावरचे अंतर अद्याप उरले आहे. बधिर चट्टा म्हटला की लोकांच्या मनात कुष्ठरोगाची धास्ती येते आणि तो झाकला जातो. चट्टा कुष्ठरोगाचा निघाला तर त्याचे औषध मोफत मिळते व रोग बरा होतो. आणि न भरणारी जखम कर्करोगाची निघाली तर ती लहान असतानाच काढणे सर्वांत सोपे. दोन्हीकडे नुकसान होते ते लपविण्याने.

एवढे तरी आपण पाळावे. महिनाभरात न भरणारी जखम, जुन्या व्रणात उठलेली गाठ, आणि तिच्या भोवती बधिरपणा किंवा मुंग्या असतील तर डॉक्टरांना ते विचारण्यापूर्वीच सांगावे. ‘दुखत तर नाही’ हे तिथे जाण्याचे टाळण्यास कारण होऊ देऊ नये.