जिवतीच्या कागदाची कुळकथा

श्रावण तोंडावर आला म्हणजे वाशीम, कारंजा, मंगरूळपीर या पेठांतून पूजेचे साहित्य विकणाऱ्यांच्या पथाऱ्यांवर कापसाची वस्त्रे, कुंकवाच्या पुड्या आणि फुटाणे यांच्या शेजारी पातळ छापील कागदांची एक चळत येऊन बसते, आणि ज्या घरात लेकरेबाळे आहेत त्या घरची गृहिणी त्यातला एक कागद न विसरता उचलते. हा जिवतीचा कागद. विदर्भात पुष्कळ ठिकाणी आषाढी अमावस्येलाच जिवती म्हणतात, इतका त्या तिथीशी या देवतेचा संबंध दृढ आहे. कागद देवघराच्या भिंतीवर खळीने चिकटवायचा, श्रावणातल्या दर शुक्रवारी त्याला आघाडा-दुर्वांची माळ घालायची, दूधसाखरेचा किंवा चणेगुळाचा नैवेद्य दाखवायचा, आणि मुलांना पाटावर बसवून, ओवाळून, कहाणी सांगायची, ही वहिवाट. धर्मशिक्षणाची क्रमिक पुस्तके निघाली, शाळांतून कागदकाम शिकवले जाऊ लागले, त्याच्या फार अगोदर मराठी मुलाच्या हाती पुराणातली गोष्ट कागदाच्या रूपाने दिली ती जिवतीने, असे माझे मत आहे. आणि म्हणूनच तिचे कुळ शोधण्याजोगे आहे.

या कागदावर वाचायला मजकूर जवळजवळ नसतोच. असतात त्या चौकटी. वर खांब दुभंगून प्रकटलेला, हिरण्यकशिपूला मांडीवर आडवा घेतलेला नरसिंह आणि जवळ हात जोडून उभा असलेला चिमुकला प्रल्हाद. त्याच्या शेजारी कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण. मध्ये मांडीवर तान्ही घेऊन बसलेल्या जरा आणि जिवंतिका, त्यांच्या भोवती पाळण्यातली आणि रांगती मुले. आणि तळाशी हत्तीवर बुध व वाघावर बृहस्पती. नरसिंहाचा शनिवार, कालियाची नागपंचमी, जिवतीचा शुक्रवार, बुध-बृहस्पतींचे आपापले वार, असा सबंध श्रावण त्या एका कागदावर मांडलेला असतो. त्यातही कारंज्याच्या मुलांना पहिली चौकट विशेष आपली वाटावी, कारण त्याच देवाचे नाव धारण करणारे नृसिंहसरस्वती त्या गावी जन्मले.

परंतु मूल ज्या चौकटीपाशी हमखास अडते ती मधली. जरा ही राक्षसी; मग ती देवघरात कशी, हा त्याचा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर महाभारताच्या सभापर्वात आहे. मगधाचा राजा बृहद्रथ याला चंडकौशिक ऋषींनी प्रसादादाखल दिलेला आंबा त्याच्या दोन राण्यांनी अर्धा अर्धा वाटून खाल्ला, तेव्हा दोघींना बालकाचे एकेक अर्धे शकल झाले. दायांनी ती शकले चव्हाट्यावर टाकली. आणि तेथे आलेल्या जरेने ती सहज एकमेकांना जोडताच सबंध मूल होऊन रडू लागले. भक्ष्य म्हणून उचललेले ते बालक तिने खाल्ले नाही, राजाला नेऊन दिले, आणि त्या वेळी तिने आपली ओळख गृहदेवी अशी करून देऊन सांगितले की, जो कोणी आपल्या घराच्या भिंतीवर मला तरुण आणि मुलांसह रेखील त्याच्या घराची वृद्धी होईल. चित्र, भिंत, मुले आणि घराची वृद्धी हे सारे घटक त्या जुन्या आख्यानातच आलेले आहेत. कागद तेवढा मागाहून आला.

वाशीमकरांनी येथे थोडे थांबावे, कारण या कथेची बहीण शोभेल अशी दुसरी कथा त्यांच्याच जुन्या राजवटीच्या मुलखात दगडावर कोरलेली आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्याच शाखेतील हरिषेणाच्या वराहदेव नामक मंत्र्याने अजिंठ्याचे १६ वे लेणे कोरविले, आणि २ रे लेणेही पाचव्या शतकातील त्याच भरभराटीच्या काळचे मानतात. या २ ऱ्या लेण्यात गाभाऱ्याशेजारच्या दालनात पांचिकासह हारीती बसलेली आहे. तीही मूळची बालभक्षक यक्षिणी, बुद्धाच्या उपदेशाने मुलांची रक्षक झालेली. तिच्या मांडीवर मूल आहे. आणि आसनाखालच्या पट्टीत शिल्पकाराने चक्क एक शाळा भरविली आहे, जिच्यात छडी घेतलेल्या गुरुजींपुढची पोरे निमूट शिकतात आणि मागची खुशाल खेळतात. इत्सिंग हा सातव्या शतकातला चिनी यात्रेकरू लिहितो की, भारतातल्या विहारांत ओसरीवर किंवा भोजनगृहाच्या कोपऱ्यात मुलांनी वेढलेली हारीती असे आणि तिला रोज नैवेद्य दाखवीत. जिवती हारीतीच्याच वंशातली, असा निवाडा मी देत नाही. पण जिचे भय वाटते तिच्याच मांडीवर मूल ठेवून तिला घरात जागा द्यावी, ही तजवीज दोन्हीकडे एकच आहे, आणि मातृहृदयाचा एवढा खोल ठाव घेणारी दुसरी कल्पना मला ठाऊक नाही.

भिंतीवरून कागदावर येण्याची बाब त्या मानाने अलीकडची आणि सरळ आहे. १८३१ साली गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले. १८७८ साली पुण्यात चित्रशाळा निघाली. १८९४ साली रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला. आणि देवदेवतांची चित्रे सामान्य प्रपंचाच्या आवाक्यात आली. रंगीत तसबिरी दिवाणखान्यात गेल्या, जिवतीचा साधा, बहुधा एका रंगातला कागद मात्र आतल्या घरातच राहिला.

तो राहिला ते बरेच झाले, कारण तो मुलांच्या हाताला लागला. कडा कातरणे, कणकेची खळ शिजवून मागे सारखी लावणे, सुरकुती न पडेल अशा बेताने तळव्याने दाबणे, आघाड्याची पाने दोऱ्यात ओवणे, ही कामे आठ-नऊ वर्षांचे पोर सहज करते, आणि करता करता वाघावर कोण, हत्तीवर कोण, हे पाठ होऊन जाते. मग शुक्रवारची कहाणी येते: मूल नसलेल्या राणीसाठी सुईण एका गरीब ब्राह्मणीचे नवजात बाळ पळविते, तिच्यापाशी वरवंटा ठेवते, आणि ती माता दर शुक्रवारी जिवतीची पूजा करून, न दिसणाऱ्या बाळाच्या दिशेने अक्षता टाकते, पुढे सटवी आडवी येते तेव्हा जिवती त्याच मुलाची राखण करते. ‘वरवंटा’ म्हणताना आईचे बोट स्वयंपाकघरातल्या पाट्याकडे जाते आणि ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात.

अलीकडे जिवती काचेच्या चौकटीत मढवून एकदाच कायमची टांगण्याचा प्रघात पडत आहे. सोय आहे, पण मला तो पटत नाही. त्यात मुलाला करण्यासारखे काहीच उरत नाही. खुद्द बुध-बृहस्पतींची कहाणीच याच्या विरुद्ध साक्ष देते. मामाभाचे होऊन दारी आलेल्या या दोघांना रिकाम्या हाताने परतविणाऱ्या घराला दारिद्र्य येते, धाकटी सून क्षमा मागते, तेव्हा ते दोघे तिला उपाय सांगतात तो चित्राचाच: परदेशी गेलेला माणूस यावा तर दारामागे आमच्या दोन बाहुल्या काढ, धान्य हवे तर कोठीवर काढ, द्रव्य हवे तर पेटीवर काढ. मुलाने आज आपल्या पाटीवर किंवा वहीच्या पुठ्ठ्यावर वाघ आणि हत्ती काढून त्यांवर दोन वेडीवाकडी माणसे बसविली, तर ते त्या हुकुमाबरहुकूमच होय.